युनिव्हर्सिटी की कम्युनिटी: गोष्टीचा कुठला अर्धा भाग बघायचा?

जानेवारी संपत आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नंबरांवरून यायला लागतो. विचारणारे बहुतेक माझ्याच कॉलेजचे ज्युनिअर असतात, काही त्यांच्या रूममेटचे मित्र. "मॅडम, दोन्ही इंटरव्ह्यू चांगले झाले. एक युनिव्हर्सिटी प्रोग्राम आहे, एक कम्युनिटी. वर कुणाला टाकू?"

प्रश्न एका ओळीचा असतो. त्याच्यामागे एमबीबीएसनंतरची दोन-तीन वर्षं असतात, डॉलरमध्ये भरलेली परीक्षांची फी असते, बँकेचं कर्ज असतं, आणि "अजून किती दिवस अभ्यास?" असं दर दिवाळीला विचारणारे नातेवाईक असतात. उत्तरही एका ओळीत हवं असतं. ते मला कधीच देता आलेलं नाही, म्हणून हे सविस्तर.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आपल्याकडे एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएस करतात, तशी अमेरिकेत रेसिडेन्सी करावी लागते. मी केलेल्या इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षं लागतात, सर्जरीला पाच. 1889 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं, तिथं विल्यम ऑस्लर यांनी ही पद्धत रुजवली. तेव्हा शिकाऊ डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलात राहायचे, म्हणून ते रेसिडेंट. आता राहत नाहीत, पण 2003 पासून आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा घालावी लागली, यावरून काय ते समजा.

जागा मिळण्याची पद्धत मात्र आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे. आपल्याकडे नीट-पीजीचा रँक येतो आणि त्या रँकला जे उरलं असेल त्यातून निवडायचं. तिथं अर्ज, मग इंटरव्ह्यू, आणि मग दोन्ही बाजू आपापली यादी देतात. उमेदवार हॉस्पिटलांना क्रम लावतो, हॉस्पिटलं उमेदवारांना. संगणक जोड्या लावतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. त्याला मॅच म्हणतात, 1952 पासून हे चालू आहे. जे निघेल ते बंधनकारक.

इथं आपली पोरं अडखळतात. बारावीपासून आपल्याला रँक मिळवायची सवय लागलेली असते, रँक लावायची नसते. कुणीतरी आपल्याला विचारतंय की बाबा रे, तुला काय हवंय, हेच मुळात पहिल्यांदा घडत असतं. मग डोकं लगेच गणिताकडे पळतं. "युनिव्हर्सिटी घेणार नाही बहुतेक, मग कम्युनिटीच वर टाकू का, म्हणजे सेफ?"

तर त्या गणिताचं उत्तर आहे, आणि ते सोपं आहे: नाही. सध्याचा अल्गोरिदम अर्थतज्ज्ञ अ‍ॅल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी नव्यानं बांधला, 1998 च्या मॅचपासून तो वापरात आला. या प्रकारच्या कामासाठी रॉथ आणि लॉइड शॅपली यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याची सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होते. पहिल्या नावानं तुम्हाला घेतलं नाही, तर दुसऱ्या नावाकडे तुम्ही जाता ते पूर्ण ताकदीनं, जणू तेच तुमचं पहिलं होतं. वर स्वप्न लिहिलं म्हणून खालची जागा जात नाही. त्यामुळे हुशारी करायला वावच नाही. खरंच जे हवंय ते वर. आणि खरंच काय हवंय, हे कुठलाच अल्गोरिदम सांगत नाही.

*

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "कम्युनिटी म्हणजे समाजमंदिरातला दवाखाना का गं?" हसू नका. आपल्या कानाला तसंच ऐकू येतं. आपल्याकडे मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल म्हणजे सरकारी, गर्दीचं, जमिनीवर गाद्या टाकलेलं; आणि काचांची चकचकीत इमारत म्हणजे खासगी. अमेरिकेत चकाकी आणि दबदबा युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलांना असतो: स्वतःचं मेडिकल कॉलेज, संशोधनाच्या लॅब, प्रत्येक अवयवाचा वेगळा तज्ज्ञ. कम्युनिटी हॉस्पिटल म्हणजे बाकीचं, ज्याचं स्वतःचं मेडिकल कॉलेज नाही ते. त्यात शंभर खाटांचं गावातलं हॉस्पिटल आलं आणि पाचशे खाटांचं, स्वतःची कॅथलॅब असलेलंही आलं. मधे आणखी एक जात असते, युनिव्हर्सिटीशी संलग्न कम्युनिटी. गंमत म्हणजे अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या व्याख्येत अनेक मोठी युनिव्हर्सिटी हॉस्पिटलंही 'कम्युनिटी हॉस्पिटल'च ठरतात. थोडक्यात, पाटी वाचून फार काही कळत नाही.

आपल्याकडे 'एमडी की डीएनबी' हा वाद असतो, त्याच्याच जवळचं हे आहे. कागदावर दोन्ही समान. होस्टेलच्या मेसमध्ये मात्र नाही.

माझी यादी 2021 ची. त्या वर्षी कोविडमुळे सगळे इंटरव्ह्यू झूमवर झाले. म्हणजे ज्या इमारतीत आयुष्याची तीन वर्षं जाणार, ती न बघता क्रम लावायचा. तिकडची सकाळ म्हणजे आमच्याकडची संध्याकाळ. वर ब्लेझर, खाली सलवार, आणि दार बंद करूनही ऐकू येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या.

माझ्या यादीत सर्वात वर एक युनिव्हर्सिटी होती. कारण प्रतिष्ठेचं नव्हतं. मला एकटं राहण्याचा कंटाळा आला होता.

त्याआधीचं वर्ष मी बाँडवर किनवट तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं होतं. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष असं द्यावं लागतं. रात्री सर्पदंश आला की लस सुरू करायची. बाळंतिणीला झटके आले की मॅग्नेशियमची इंजेक्शनं द्यायची. आणि मग 108 ला फोन. नांदेड कित्येक तासांवर. केसपेपरवर 'रेफर' लिहायचं, आणि गाडीचे मागचे दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत उभं राहायचं. पुढं काय झालं हे मेडिकल कॉलेजातून कुणी कळवत नसे. ते सांगायच्या आमच्या आशाताई, आठवड्यानं, लसीकरणाच्या दिवशी. "मॅडम, ती वाचली बरं का. पोरगी झाली." किंवा नुसतीच मान हलवायच्या.

मला ते पुढचं बघायचं होतं. 'रेफर' लिहिणारी नव्हे, 'रेफर'चा कागद हातात घेणारी व्हायचं होतं. मार्चमध्ये मॅच झाले ते यादीतल्या दुसऱ्या नावाला: न्यू जर्सीतलं एक कम्युनिटी हॉस्पिटल.

*

फरक दिवसा फारसा कळत नाही. दिवसा दोन्हीकडे राऊंड होतात, दुपारी लेक्चर असतं, पिझ्झा असतो. नियम दोन्हीकडे एकाच संस्थेचे, एसीजीएमईचे. इंटर्नल मेडिसिनच्या इंटर्नकडे एका वेळी दहापेक्षा जास्त पेशंट नकोत, हा नियमही दोन्हीकडे सारखाच. (हे मी घरी सांगितलं तेव्हा औरंगाबादला एमडी करणारी माझी मैत्रीण दोन मिनिटं फोनवर नुसती हसत होती.)

फरक कळतो तो रात्री तीनला. युनिव्हर्सिटीत रात्री तीनला शिडी लांब असते: इंटर्न, त्याच्यावर सीनिअर रेसिडेंट, त्याच्यावर फेलो, म्हणजे सुपरस्पेशालिटी शिकणारा, आणि मोठ्या आयसीयूत बहुधा एक अटेंडिंगही त्याच मजल्यावर. माझ्या कम्युनिटी हॉस्पिटलात शिडीला दोनच पायऱ्या होत्या. मी आणि माझी सीनिअर. अटेंडिंग फोनवर, घरून वीस मिनिटांवर. आयसीयूच्या भिंतीवर एक कॅमेरा आणि स्क्रीन होता. बटण दाबलं की कुठल्यातरी दुसऱ्या शहरात बसलेला आयसीयूचा डॉक्टर त्यात दिसायचा. तो मॉनिटर बघू शकायचा, औषध सुचवू शकायचा. त्याला हात नव्हते. हात आमचेच.

म्हणून हात लवकर तयार झाले. मानेतली सेंट्रल लाइन, पोटातलं पाणी काढणं, श्वासनलिकेत नळी घालणं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी ज्या गोष्टी सहज करत होते, त्यांसाठी युनिव्हर्सिटीतली माझी बॅचमेट फेलोच्या मागं उभी राहून वाट बघत होती. पण तिला जे मिळत होतं ते मला मिळत नव्हतं. तिच्या सकाळच्या चर्चेत कुणीतरी 'का?' विचारायचं, आणि उत्तर द्यायला ती गाइडलाइन लिहिणाऱ्या समितीतलाच माणूस खोलीत असायचा. आमच्याकडे गाइडलाइन पीडीएफ म्हणून यायची. आमचे काही अटेंडिंग सोन्यासारखे होते, खाटेच्या कडेला बसून शिकवायचे. काही स्वतःच्या क्लिनिकला पळायच्या घाईत असायचे, त्यांच्यासोबतचा राऊंड म्हणजे लिफ्टपर्यंतचा रस्ता.

आणि मुख्य म्हणजे, 'रेफर' काही सुटलं नाही. इथं त्याला ट्रान्सफर म्हणतात एवढंच.

एका रात्री एकोणीस वर्षांची मुलगी आली. उलट्या होत होत्या. पॅरासिटामॉलच्या भरपूर गोळ्या घेतल्या होत्या, कधी ते नीट सांगत नव्हती. या विषारी डोसला उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत बहुतेक वाचतं. आमची वेळ टळून गेली होती. उतारा सुरू केला, पण सकाळपर्यंत रक्त गोठण्याचे आकडे बिघडले आणि ती तारखा चुकीच्या सांगायला लागली. म्हणजे यकृतासोबत आता मेंदूवरही परिणाम. आमच्याकडे ट्रान्सप्लांट होत नव्हतं. मी तासभर फोनवर होते, ट्रान्सफर सेंटर, मग तिथला फेलो, मग खाट आहे की नाही. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स आली. काचेचं दार बंद झालं आणि मी पुन्हा किनवटमध्ये उभी होते. फरक इतकाच, की इथं आशाताई नव्हत्या. तिचं पुढं काय झालं, मला आजही माहीत नाही.

*

पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट कळली, जी ब्रोशरमध्ये नसते. कम्युनिटीत आजाराची सुरुवात दिसते. माणूस येतो तो 'छातीत कसंतरी होतंय' एवढंच घेऊन. त्याला अजून नाव नसतं, फाइल नसते. शंभरातले नव्वद साधे असतात आणि दहा नसतात. ते दहा वेगळे काढणं हेच काम. युनिव्हर्सिटीत येईपर्यंत त्या माणसाला नाव मिळालेलं असतं. कुणीतरी आधीच घाबरलेलं असतं, म्हणून तर त्याला पाठवलेलं असतं.

1961 मध्ये कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. त्यांचा अंदाज असा: एका महिन्यात हजार प्रौढांपैकी साधारण 750 जणांना काही ना काही दुखणं होतं. 250 जण डॉक्टरकडे जातात. 9 जण हॉस्पिटलात दाखल होतात. आणि युनिव्हर्सिटी हॉस्पिटलपर्यंत पोचतो एक. हजारात एक. ज्या एकाभोवती आपण सगळं वैद्यकीय शिक्षण उभं केलं, तो. चाळीस वर्षांनी, 2001 मध्ये, दुसऱ्या अभ्यासकांनी हेच पुन्हा मोजलं, तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

उरलेल्यांपैकी एक आजी मला नेहमी आठवतात. साताऱ्याकडच्या, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. रात्री छातीत दुखलं, लेकीनं जवळचं हॉस्पिटल गाठलं. कम्युनिटी हॉस्पिटलचा खरा अर्थ हाच, जवळचं. ईसीजी संशयास्पद, ट्रोपोनिन थोडं वाढलेलं. दाखल व्हायला लागेल म्हटल्यावर आजी खाटेवरून उतरायलाच लागल्या. दुभाष्याची वाट न बघता मी मराठीत बोलले, तर त्यांनी माझा हातच धरला.

"पोरी, खरं सांग. इथं एका रात्रीचं किती घेतात गं?"

"आजी, ते नंतर बघू. आधी तुमचं हृदय बघू."

"नंतर बघू म्हणजे जावयाला घर विकायला लावशील तू."

1986 च्या कायद्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, पैसे असोत नसोत, तपासून स्थिर करावंच लागतं. बिल मात्र नंतर येतंच, आणि प्रवासी विम्यात किती बसेल हे कुणालाच सांगता येत नाही. आजींना मी खोटा दिलासा दिला नाही. लेक, जावई, सोशल वर्कर आणि मी असे बसलो, अर्धा तास बोललो. आजी राहिल्या. सकाळी आमच्याच कॅथलॅबमध्ये अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी घरी. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं एका इमारतीत. हेही शिक्षणच होतं, आणि त्यात कुठलाही दुर्मिळ आजार नव्हता.

*

आता मी दुसऱ्या बाजूला आहे. पल्मनरी-क्रिटिकल केअरच्या फेलोशिपला, एका मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात. कम्युनिटीतून फेलोशिप मिळते. तिथं शोधनिबंधाचा विषय कुणी हातात आणून देत नाही, आपणच एखाद्या अटेंडिंगला गाठून, सुट्टीच्या दिवशी बसून लिहावं लागतं. मिळते पण.

इथं मला हवा होता तो उत्तरार्ध दिसतो. दोन-दोनशे मैलांवरून पेशंट येतात. हृदय-फुप्फुसाचं काम मशीन करतंय अशी माणसं आठवड्यानं डोळे उघडताना मी पाहिली आहेत. आणि जे उघडत नाहीत त्यांच्या घरच्यांशी काय बोलायचं, केव्हा थांबायचं, हे इथल्या अटेंडिंगांकडून ऐकत शिकतेय. कम्युनिटीत हे संभाषण अनेकदा आमच्या वाट्यालाच येत नसे. माणूस त्याआधीच पाठवलेला असे.

पण इथला रेसिडेंट हात बांधून माझ्या मागं उभा असतो, तेही दिसतं. ब्रॉन्कोस्कोप माझ्या हातात असतो, कारण मलाही ठरावीक संख्येनं त्या करायच्या असतात. मी जितकी शिकते तितका तो बघतो. शिडी लांब असण्याची ही किंमत आहे, आणि ती कुणाच्या दुष्टपणामुळे नसते.

नावाच्या मोहात असाल तर फिलाडेल्फियाच्या हानेमन युनिव्हर्सिटी हॉस्पिटलची गोष्ट माहीत असू द्या. 2019 मध्ये ते दिवाळखोरीत निघालं आणि बंद झालं. पाचशेहून जास्त रेसिडेंट आणि फेलो एका उन्हाळ्यात दुसरी जागा शोधत होते, त्यात व्हिसावरचेही होते. ते ड्रेक्सेलच्या मेडिकल कॉलेजचं मुख्य शिकवण्याचं हॉस्पिटल. आणि ड्रेक्सेलच्या वंशावळीत मागं गेलं की एक शाखा पोचते ती वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियापाशी, जिथून 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. इतकी जुनी नाळ असूनही हॉस्पिटल वाचलं नाही. पाटीवर 'युनिव्हर्सिटी' आहे म्हणजे पाया भक्कम आहे असं नव्हे.

म्हणून मी ज्युनिअरना नाव विचारत नाही, चार गोष्टी विचारायला सांगते. इंटरव्ह्यूच्या वेळी रेसिडेंटना एकटं गाठा आणि विचारा: रात्री तीनला पेशंट बिघडला तर तुमच्या शेजारी कोण उभं असतं? गेल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेले कुठं गेले? त्याच हॉस्पिटलात तुम्हाला हवी ती फेलोशिप आहे का? बोर्डाच्या परीक्षेत किती जण पास होतात? शेवटचा आकडा तर जाहीरच असतो, विचारायचीही गरज नाही.

आणि व्हिसा. हा विषय कुणी प्रतिष्ठेच्या गप्पांत काढत नाही, पण आपल्यासाठी अर्धा निर्णय तिथंच होतो. जे-1 वर आलात तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी, नाहीतर सूट मिळवायची. सुटीचा नेहमीचा मार्ग म्हणजे कॉनराड योजना: प्रत्येक राज्यात वर्षाला 30 जागा, जिथं डॉक्टर कमी आहेत तिथं तीन वर्षं नोकरी. म्हणजे युनिव्हर्सिटीची सर्वात उंच पायरी चढून आलेला आपला माणूसही अनेकदा शेवटी पोचतो तो कुठल्यातरी छोट्या गावातल्या, जवळच्या, रात्री दोन पायऱ्यांच्या हॉस्पिटलात. मीही बहुधा तिकडेच जाणार आहे.

तेव्हा जिथं जाल तिथं अर्धीच गोष्ट दिसेल, हे धरून चला. यादी लावताना फक्त एवढं ठरवा की तुमच्याकडे आत्ता कुठला अर्धा भाग नाही. ज्यानं कधी एकट्यानं रात्र काढलेली नाही, त्यानं कम्युनिटी वर टाकण्याचा विचार जरूर करावा. ज्यानं फक्त 'रेफर'च लिहिलंय, त्याला युनिव्हर्सिटी हवीशी वाटली तर त्यात चूक काही नाही. आणि उरलेला भाग नंतर मुद्दाम शोधावा लागतो. तो आपोआप येत नाही.

मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली आहे. बाहेरून पाठवलेला पेशंट आमच्याकडे आला की सोबत कागदांचा गठ्ठा येतो. त्यात कुठंतरी घाईत लिहिलेलं असतं, अमुक औषध इतक्या वाजता सुरू केलं, घरच्यांना कळवलं आहे. खाली नाव आणि पेजर नंबर. दोन-तीन दिवसांनी, काय ते नक्की झालं की, मी त्या नंबरला फोन करते.

परवा असाच एक लावला. पलीकडे एक मुलगा होता, पहिल्या वर्षाचा, नाइट ड्यूटी संपवून निघालेला. मी कुठून बोलतेय ते ऐकून आधी घाबरला, काही राहिलं का म्हणून. मी म्हटलं, "राहिलं काही नाही. तुम्ही पाठवलेले काका काल व्हेंटिलेटरवरून निघाले. आज खुर्चीत बसलेत."

तो काही क्षण बोललाच नाही. मग त्यानं विचारलं, पहिल्या रात्री प्रेशर पडलं तेव्हा तुम्ही नेमकं काय दिलं. मी सांगत गेले आणि पलीकडून कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत राहिला.